ओठ बंद, दात खुले

समोरून कोणी येताना दिसलं की मी आधी त्याच्या जबड्याकडे बघते. कानाच्या खाली, गालाच्या मागच्या कोपऱ्यात एक स्नायू असतो. माणूस दात आवळून चालत असला की तो तिथे सुपारी धरल्यासारखा टरारून वर येतो. तोंडानं माणूस हसत असतो, रामराम करत असतो, आणि इकडे हा स्नायू त्याचं पितळ उघडं पाडत असतो. ही खोड मला एका दातांच्या डॉक्टरांनी लावली. त्यांचं नाव आमच्या घरात इतकी वर्षं कोणी काढलं नाही, की आज आई-बाबा दोघंही नसताना हे लिहायला बसले तरी माझं अर्धं लक्ष दाराकडे आहे.

मीही नाव घेणार नाही. लाज वाटते. त्यांची नाही, आमची.

एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे नागपुरात सीताबर्डीवर, व्हरायटी चौकाच्या जरा अलीकडे, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. पाटी दातांच्या डॉक्टरची, पण हा माणूस दात काढत नसे. दात उपटायची पक्कड भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती आणि तिच्यावर कोळ्यानं संसार मांडला होता. कोणी हट्टच धरला, की डॉक्टर, मला दात काढूनच पाहिजे, तर ते त्याला खिडकीशी नेत, रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या दवाखान्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, "तिथं जा भाऊ. तो काढून देते. मी ठेवून देतो."

त्या पक्कडीची गोष्ट प्रत्येक नव्या पेशंटला ऐकावीच लागे. "पहिले माही चूक आयका, मंग तुमचं दुखणं सांगा," असं म्हणून ते सुरू करत. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणाऱ्या एका माणसाची दाढ दुखत होती. डॉक्टरांनी ती काढली. दुखणं शेजारच्या दाढेत गेलं, तीही काढली. असं करता करता त्या बाजूचं अंगण मोकळं झालं आणि दुखणं जागच्या जागी. "दाढा चांगल्या होत्या हो. कीड नाही, पू नाही. दुखत होता गाल, अन् मी काढत होतो दात. चोर एका घरी, अन् मी दुसऱ्याच्याच घराची झडती घेऊन राहिलो होतो." बँडवाल्याचं क्लॅरोनेट सुटलं. "झांजा वाजवते आता तो," हे वाक्य ते सर्वांत मोठ्यानं म्हणत.

हळू आवाज त्यांच्याकडे नव्हताच. आतल्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं सगळं गाऱ्हाणं बाहेरच्या बाकावर ऐकू यायचं. एका हेडमास्तरांना त्यांनी आतून विचारलेलं मी स्वतः ऐकलं, "गुरुजी, रातच्याला एवढे दात कोणावर खाऊन राहिले? बायकोवर का इन्स्पेक्टरवर?" बाकावर त्यांच्याच शाळेतला एक पोरगा बापाबरोबर बसला होता. हेडमास्तर बाहेर आले ते थेट छत्री विसरून गेले. डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दुखणं ही लपवायची वस्तू आहे हेच त्यांच्या डोक्यात शिरत नसे. आणि चूक तर मुळीच नाही. "चूक झाली का बोंबलून सांगाची. झाकून ठेवली का तिच्यात पू होते."

त्यांचा इलाज असा. अंगठ्यानं ते गाल चाचपत जायचे, कणकेत खडा शोधावा तसे, आणि मध्येच एका जागी थांबून दाबायचे. "इथं दाबलं तं कळ कुठं गेली?" आणि नवल म्हणजे गाल दाबला की कळ वरच्या दाढेत जायची, नाहीतर कानात, नाहीतर कपाळाच्या बाजूला. "हाच तो चोर," ते म्हणायचे. मग दात बधिर करायचं जे औषध इतर डॉक्टर हिरडीत टोचतात, तेच ते त्या स्नायूच्या गाठीत टोचायचे. गाठ दोन बोटांत धरून ठेवायची, सुई आत, आणि सुई नेमकी लागली की तो स्नायू, झोपेत पाय उडावा, तसा एकदम उडायचा. तो उडाला की डॉक्टर "ओ काट!" म्हणून ओरडायचे. संक्रांतीला पतंग कापल्यावर गच्चीवरून पोरं ओरडतात तसंच. बाकावरचे लोकही मग आपोआप हसायचे. नवा माणूस असला तर पळायच्या बेतात यायचा.

औषधाहून त्यांचा भरवसा एका मंत्रावर होता: ओठ बंद, दात खुले. म्हणजे ओठ मिटलेले असू द्या, पण आत दाताला दात लागू देऊ नका. दातांची भेट फक्त जेवताना. बर्डीच्या गर्दीत जुना पेशंट दिसला की ते रस्त्याच्या या फुटपाथवरून त्या फुटपाथवर ओरडायचे, "ओठ बंद?" आणि समोरच्यानं "दात खुले!" असं ओरडून उत्तर द्यायचं. न दिलं तर रस्ता ओलांडून येऊन सगळ्यांदेखत गाल दाबून पाहायचे. बँकेतले साहेब असोत की भाजीवाली, सुटका नव्हती. अनोळखी माणसाचाही जबडा आवळलेला दिसला की त्यांचा अंगठा शिवशिवायचा. एकदा म्हणे एका लग्नात त्यांनी आशीर्वाद द्यायला वर जाऊन नवरदेवाचाच गाल दाबला होता.

आणि शेवटची परीक्षा जिन्याच्या खाली. तिथे गुपचुपवाल्याचा ठेला असे. पाणीपुरीला आमच्या नागपुरात गुपचुप म्हणतात. इंजेक्शन झालं, गरम फडक्यानं गाल शेकून झाला, की डॉक्टर पेशंटला घेऊन स्वतः खाली उतरायचे. अख्खी गुपचुप न फोडता, न सांडता तोंडात गेली तर पेशंट पास. अर्धी सांडली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा वर. गुपचुपवाला पेशंट पाहून पुरीचा आकार निवडायचा, इतका तो त्या कामात मुरलेला होता.

अशा माणसाच्या हाती आमचं घर पडलं, ज्या घराचा सगळा जन्म लोकांच्या नजरेपासून काही ना काही झाकण्यात गेला.

माझं तोंड मिटायला लागलं ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आधी जांभई देताना कानाजवळ कट्‌कन वाजायचं. मग सकाळी गाल दगडासारखा. मग दाढ दुखायला लागली, आणि रस्त्यापलीकडच्या त्याच दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या तीन चांगल्या दाढा काढल्या. दुखणं गेलं नाही. हळूहळू तोंडात जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट राहिली. पोळीचा घास जाईना. घरात एकच शब्द दबक्या आवाजात फिरायला लागला: दातखीळ.

बाहेरच्याला कळणार नाही, पण आमच्यात हा शब्द फार वाईट. दातखीळ म्हणजे फिट, फिट म्हणजे घराण्यात खोट, आणि तशी मुलगी कोणाच्या उंबऱ्याला लागत नाही. आई मला तिच्या माहेरी खाप्याला घेऊन गेली. कन्हानच्या काठी एका म्हाताऱ्यानं माझ्या गळ्यात काळा दोरा बांधला. दोरा लपवायला मग पदर गच्च. जेवायला मी स्वयंपाकघरात, दार लोटून. भात वरणात कालवून, बोटांनी चुरून, त्या फटीतून ओढून घ्यायचा. हनुवटीवर ओघळ यायचा. मला स्वतःची किळस यायची. मी भिंतीकडे तोंड करून जेवायचे आणि आई दाराशी उभी राहून म्हणायची, "आवाज नको करू वं. लोक पाहून राहिले." त्या बंद खोलीत आम्हा दोघींशिवाय कोणी नसायचं.

आषाढात एक दिवस शेजारच्या काकू विरजण मागायला सरळ आत आल्या आणि त्यांनी मला तसं जेवताना पाहिलं. "काहून वं, पोळी नाही खात?" आईला उत्तर द्यायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. "चातुर्मास धरला न तिनं. चार महिने चावाचं नाही, अन् जेवताना बोलाचं नाही."

झालं. काकूंनी हात जोडले. संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा ते आधी चिडले. पण बाबा सरकारी कचेरीतले कारकून, नाव नसलेली गोष्ट त्यांना चालत नसे. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी तिला नाव दिलं: अचर्वण व्रत.

श्रावण लागेपर्यंत आमच्या गल्लीतल्या तीन-चार बायका सोमवारी अचर्वण करायला लागल्या होत्या. त्या मलाच विचारायला यायच्या. "केळं चालते काय वं? शेवया गिळल्या तं चालते काय?" मी मान हलवायचे, होय की नाही ते त्या ठरवायच्या. एका म्हाताऱ्या आजीनं माझ्या पायांना हात लावायला वाकून पाहिलं. मी झटकन पाय मागे घेतले, तर तोही माझा विनय ठरला. एवढी शरम मला भिंतीकडे तोंड करून जेवतानाही वाटली नव्हती. दुखणं खरं होतं तोवर निदान ते माझं होतं. आता त्याची पूजा चालली होती.

त्या पूजेतूनच स्थळ आलं. वर्ध्याच्या एक बाई, मोठ्या सोवळ्याच्या, मुलगा शाळेत मास्तर. काकूंच्या कोणा नातेवाइकाकडून त्यांनी माझ्या व्रताची कीर्ती ऐकली आणि दसऱ्यानंतर निरोप धाडला: अशीच मुलगी आम्हाला हवी. कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला, की आम्ही पाहायला येऊ, आणि व्रत सुटल्यावरचा पहिला घास मीच माझ्या हातानं भरवीन. रव्याचा लाडू.

आई हर्षानं रडली आणि मग लाडवाचा आकार आठवून खरोखर रडली. व्रताला शेवट असतो हे आमच्यापैकी कोणी लक्षातच घेतलं नव्हतं. महिन्याभरात माझं तोंड उघडलं पाहिजे, नाहीतर स्थळ जाणार आणि व्रताचं सोंगही. तेव्हा बाबांच्या कचेरीतल्या शिपायानं या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी आई बरोबर होती. डॉक्टरांनी बँडवाल्याची गोष्ट सांगितली, मग माझा गाल दाबला. कळ थेट त्या जागी गेली जिथली दाढ काढून टाकली होती. नसलेली दाढ दुखली. मी रडायलाच लागले. "पाहा!" डॉक्टर गरजले, "दात गेला, अन् दुखणं भाड्यानं राहून राहिलं!"

"हळू बोला न डॉक्टर," आई म्हणाली. "बाहेर लोक पाहून राहिले."

"पाहू द्या न बाई. पाहून पाहून त्यांचेच डोळे थकतीन."

आईनं मग अगदी कुजबुजत त्यांना व्रताचं, लाडवाचं आणि कार्तिकीचं सांगितलं, कोणाला कळू देऊ नका म्हणून. "व्रत?" आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. "न चावाचं? वा रे वा!" मग आईचा चेहरा पाहून त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "बाई, मले असं काही सांगतच नका जाऊ. माह्या पोटात राहत नाही. कोणी इचारलं का मी सांगून देतो." हे त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, ही गोष्ट मला मुद्दाम इथे लिहून ठेवायची आहे.

इंजेक्शनं सुरू झाली. दर वेळी एखादी गाठ सुटायची, "ओ काट" व्हायचं, आणि खाली ठेल्याशी मी लहानात लहान पुरी दातांनी कुरतडून खायचे. आई रस्त्याकडे तोंड करून, पदर पसरून माझ्यापुढे आडोसा धरायची. एका बोटाची दोन बोटं झाली. डॉक्टर खूश. मी घरी आरशासमोर बोटं घालून मोजायचे आणि कोणाला सांगायला नको म्हणून एकटीच हसायचे. त्या महिन्यात मला वाटायला लागलं होतं की सगळं निभेल. मास्तर चांगला आहे म्हणतात, वर्धा काही लांब नाही, आणि सासूसमोर मी जन्मभर व्रतं करीन, खरी खरी.

शेवटची गाठ मात्र खोल होती, कानाच्या अगदी जवळ. पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच तोंड अर्धवट अडकलं. बाबा मला सायकलवर बसवून बर्डीवर घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आज नको, परवा पाहू. बाबांनी हात जोडले. कचेरीत साहेबासमोरही न जोडणारे बाबा. डॉक्टरांनी सुई घातली, स्नायू उडाला, पण या वेळी ते "ओ काट" म्हणाले नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

माझा अर्धा चेहरा गळून गेला होता. ओठाचा कोपरा खाली, भुवई हलेना, आणि डावा डोळा उघडा तो उघडाच, पापणी मिटेना. बाबा भिंतीला टेकले. "लकवा," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

"लकवा नाही," डॉक्टर म्हणाले. "चूक झाली माही. सुई मागं गेली अन् चेहऱ्याची नस झोपली. औषध उतरलं का दोन-तीन घंट्यात उठते. पण तवरीक डोळा उघडा राह्यला तं बुबुळ सुकंल." त्यांनी पापणी ओढून चिकटपट्टी लावली. मी इतकी रडत होते की पट्टी टिकेना. शेवटी त्यांनी अंगठ्यानं पापणी मिटून धरली आणि दवाखान्यातल्या लोकांना सांगितलं, "घरी जा. माह्या हातून चूक झाली. मी आता हा अंगठा काढू शकत नाही." तसेच आम्ही सायकलरिक्षात बसलो. बाबा सायकलवर मागे. बर्डीपासून महाल भागातल्या आमच्या घरापर्यंत, भर दुपारी, अर्ध्या तोंडाची मी आणि माझ्या डोळ्यावर अंगठा ठेवून एक परका माणूस.

आईनं आम्हाला आतल्या खोलीत ढकललं. "डॉक्टर, तुम्ही आता जा. पाया पडते. पाहुणे येऊन राहिले."

"पाहुणे येवोत का देव येवो. औषध उतरल्याबिगर मी अंगठा काढत नाही."

पाहुणे आले. बाहेरच्या खोलीत बाबा हवापाण्याचं बोलत होते. पण वर्ध्याच्या त्या बाई काही बाहेर बसून राहायला आल्या नव्हत्या. त्या डबा घेऊन उठल्या आणि "कुठी आहे आमची तपस्वी?" म्हणत सरळ आत आल्या.

खाटेवर मी, समोर स्टुलावर डॉक्टर, त्यांचा हात माझ्या चेहऱ्यावर.

"हे कोण?"

"मामा आहेत तिचे," आई म्हणाली. आईला तेव्हाही श्वास घेण्याइतका वेळ लागला नाही.

"मामा-बिमा नाही मी," डॉक्टर म्हणाले. "दातांचा डॉक्टर आहो." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. नेहमीच्याच आवाजात, बाहेर बसलेल्या मुलाला आणि त्याच्या काकांनाही शब्द न् शब्द ऐकू जाईल असं. गालातली गाठ, एक बोटाची फट, चुकलेली सुई. "पोरीची काही चूक नाही बाई. तिले फिट नाही, लकवा नाही. चूक माही आहे. सांजपर्यंत तोंड सरळ होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या आईकडे बघत होत्या. "मंग व्रत?"

डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांना कोणीतरी विचारलं होतं.

"व्रत कुठलं बाई, जबडाच उघडत नव्हता. पण आता उघडते. दाखव वं पोरी."

मी तोंड उघडलं. का उघडलं मला आजही सांगता येत नाही. त्यांनी सांगितलं की उघडायची सवय झाली होती. आणि ते उघडलं. वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण उघडलं, कुठेही न अडकता. अर्धा चेहरा लोंबतोय, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय, आणि मी माझ्या होणाऱ्या सासूसमोर आ वासून बसलेली. धरणी पोटात घेती तर बरं, असं लोक म्हणतात, ते मी तेव्हा अक्षरशः मागितलं.

"पाहा!" डॉक्टरांना भानच राहिलं नाही. "तो लाडू द्या तिले. अख्खा जाते का पाहू!"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्या भांडल्या नाहीत. वाईट बाई नव्हत्या त्या. "मी चार घरी सांगून आली होती का सून तपस्वी भेटली म्हणून," एवढंच म्हणाल्या. पाहुणे चहा न घेता गेले.

डॉक्टर बसूनच होते. बऱ्याच वेळानं त्यांच्या अंगठ्याखाली माझी पापणी आपली आपण हलली. "उठली," ते म्हणाले. या वेळी हळू. मग आईकडे पाणी मागितलं. आई उठली नाही. आमच्या घरातून तहानलेला माणूस कधी गेला नव्हता. ते थोडा वेळ थांबले, चपला घातल्या आणि गेले. मी उठून पाणी आणेपर्यंत ते गल्लीच्या टोकाला पोचले होते. हाक मारायला बाहेर जावं तर गल्लीतल्या बायका दारादारात उभ्या.

त्याच बायकांनी दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, स्थळ का फिस्कटलं? दातखीळ म्हणायची आईची छाती नव्हती, आणि व्रत खोटं होतं असं म्हणायची तर त्याहून नाही. ती म्हणाली, "काय सांगू! त्या डॉक्टरनं तमाशा केला. पाहुण्यांसमोर पोरीच्या तोंडाले हात लावून बसला होता."

यातला एकही शब्द खोटा नाही. बाकीचं काम गल्लीनं केलं. गल्लीतून ते महालात गेलं, महालातून बर्डीवर. दातांचा डॉक्टर तरण्या पोरींच्या गालाला हात लावतो. मी सांगून पाहिलं. काकूंना सांगितलं, बायकांना सांगितलं, की पापणी मिटत नव्हती, डोळा सुकू नये म्हणून धरली होती, त्यांनी मला बरं केलं. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "पाहा बिचारी. तिलेच समजलं नाही तिच्यासंगं काय झालं ते." जितकं मी सांगायचे तितकं ते वाढायचं. शेवटी बाबांनीच मला गप्प केलं, "तू बोलू नको वं, आणखी खराब होते." खोटं व्रत धरलेलं आमचं घर, आमच्या खऱ्या बोलण्याला कोण विचारणार?

माझा जबडा मात्र त्या दिवसापासून कधी अडकला नाही.

दोनेक वर्षांनी, माझं लग्न दुसरीकडे ठरलं तेव्हा, मी साड्यांच्या खरेदीला बर्डीवर एकटीच गेले होते. जिन्याखाली ठेला तिथेच होता आणि ठेल्याशी डॉक्टर उभे होते. पेशंट कोणी नव्हता. माडीवरच्या बाकावर आता एक म्हातारी बाई बसवून ठेवलेली असते, आणि बायकांचे गाल दाबायचे असले तर तिच्यादेखतच, हे मी ऐकून होते. रस्त्यानं एक जुना ओळखीचा गृहस्थ जाताना दिसला, त्याचा जबडा गच्च आवळलेला. डॉक्टरांनी पाहिलं आणि नजर खाली केली. ओरडले नाहीत.

मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी ओळखलं, ओळखलं नाही असं दाखवलं. मी गुपचुपवाल्याला म्हटलं, सगळ्यांत मोठी दे. तोंड उघडलं आणि अख्खी पुरी, थेंबही न सांडता, आत घातली. भर चौकात, पदराचा आडोसा न घेता. त्यांना राहवलं नाहीच. ते माझ्या गालाकडे पाहत होते आणि त्यांचा उजवा अंगठा वर आला होता.

"डॉक्टर," मी तोंडातला घास संपवून म्हटलं, "ओठ बंद, दात खुले. दाबून पाहा न."

अंगठा अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो हात सदऱ्याच्या खिशात घातला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि ज्यांचा आवाज दोन फुटपाथ ओलांडून जायचा ते डॉक्टर इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"नको ताई," ते म्हणाले. "लोक पाहून राहिले."

आईचं वाक्य होतं ते. आमच्या घरात त्यांना पाणी मिळालं नाही, हे मिळालं.